वाफ

ओतारूच्या उतारावर माझं दुकान.
फेब्रुवारीत बर्फ कडीपर्यंत चढतो,
सकाळी आधी फावडं, मग गल्ला.
कपाटात खिशात मावणारे जुने कॅमेरे,
ज्यांच्या मालकांचं आता फोनवर भागतं.

त्या आल्या मंगळवारी, उंबऱ्याशी बूट आपटत.
हिसानो-सान. वरच्या शाळेत एकतीस वर्षं रांधतात.
म्हणाल्या, रोजचेच फोटो काढायचेत, मोठं काही नाही.
रोजचंच तर अवघड, मी म्हटलं,
आणि काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरला.

तीन काढून ठेवले.
पहिला चंदेरी, झूम असा लांबचा
की बंदरातल्या बोटीवर कुणी सिगारेट पेटवली
तर त्याच्या अंगठीतला खडा दिसावा.
दुसरा काळा, जाड भिंगाचा, अंधाराला न भिणारा,
किंमत ऐकून मात्र भलेभले भितात.
तिसऱ्याचा कोपरा चेपलेला,
बटणावरची खूण कुणाच्या तरी अंगठ्यानं पुसून नेलेली.
तो मी ठेवला होता
शेजारचे दोघे उठून दिसावेत म्हणून.
धंद्यात एवढं चालतं.

आणि सुटलो बोलत.
मेगापिक्सेल, सेन्सर, हात थरथरला तरी सावरून घेणारं भिंग,
बर्फात पांढरं पांढरंच कसं यावं, निळं का येतं,
बॅटरी थंडीत कशी मान टाकते.
त्या हं हं करत राहिल्या,
गाजर का खावं हे त्या सांगतात तेव्हा
मुलं करत असतील तसं.

मग विचारलं, तुमचा चहा गरम आहे?
मला वाटलं, हवाय.
त्यांनी पेला उचलून खिडकीत नेला,
मागे बर्फाचा उजेड,
आणि चंदेरी कॅमेरा त्याच्यावर धरला.
तो जागा झाला, शीळ घातली, नळी बाहेर काढली,
थोडा विचार केला.
पडद्यावर पेला आला. नुसता पेला.
काळ्यानं पेल्यावर कसलासा डाग आणला,
काचेवर कुणी श्वास सोडावा तसा.
चेपलेल्यानं, पापणी लवायच्या आत,
वाफ आणली.
खाली एकवट, मधे पीळ पडलेली,
वर गेल्यावर सुटलेली, अंबाडा सुटतो तशी.

हा, त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, फोटोत दाणे दिसतात बघा, भाताएवढे.
भात मला चालतो.
म्हटलं, बॅटरी चाळीस फोटोंच्या पुढे जात नाही.
चाळीस?
दिवसच एकोणीस उरलेत.

मार्चमध्ये शाळा बंद होतेय, हे मला माहीत होतं.
उतारावर सगळ्यांनाच माहीत आहे. सात मुलं उरलीत.
पण त्या हे सांगत होत्या
मीठ संपलंय हे सांगावं तशा.
ताटं मांडली की मुलं तुटून पडतात, त्या म्हणाल्या,
फोटोसाठी थांबा, असं मला म्हणवत नाही.
पातेल्याचं झाकण उचललं
की तेवढ्यातच काय ते.
उद्या भोपळा आहे. परवा कॉड.

तीनशे येन मी कमी केले, त्यांनी मागितले नव्हते.
एक जादा बॅटरी टाकली, तीही तशीच थकलेली.
त्यांनी कॅमेरा हातमोज्यात सरकवला,
हातमोजा खिशात,
आणि उतार चढून गेल्या, घाई न करता.
माझ्या चहाचा फोटो त्यात राहिलाच.
पुसायला हवा होता, ते माझं काम.

चहा निवला होता, तसाच प्यालो.
संध्याकाळी नवा केला, चांगला कढत,
आणि काळ्याला आणखी एक संधी दिली.
सात वेळा दिली.
त्याची किंमत उद्या उतरवणार आहे.